मापाची सायकल

आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सायकल शिकण्याची एक रीत होती. बावीस किंवा चोवीस इंची काळी सायकल, वरची दांडी पोराच्या छातीला लागणारी. म्हणून दांडीखालून पाय पलीकडे घालायचा आणि कमरेतून वाकडं होत अर्धं अर्धं पायडल मारत पुढे सरकायचं. या कसरतीचं आपण कौतुकच करत आलो. पण तिचा सरळ अर्थ एवढाच की सायकल मोठ्या पुरुषासाठी बनलेली होती आणि चालवणारं अंग वेगळ्या मापाचं होतं. पुढे दांडी खाली झुकवलेल्या लेडीज सायकली आल्या, लहान चाकांच्या आल्या, गिअरवाल्या सायकलींत आता तीन-चार मापं मिळतात. तरी कारखान्याचा क्रम तोच राहिला आहे: माप आधी ठरतं, माणसानं मागाहून त्यात बसायचं. घरच्या कार्यशाळेत स्वतः फ्रेम बनवणारा हा क्रम उलटा करतो, आणि अशा सायकलीचं खरं मोल तिथेच आहे असं माझं म्हणणं आहे. जोडकाम, रंग, झळाळी या गोष्टी त्यानंतरच्या.

अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात जॉर्जिना टेरी या यांत्रिकी अभियंता बाईंनी आपल्या घराच्या तळघरात फ्रेम बनवायला सुरुवात केली आणि 1985 मध्ये त्यातून कंपनी उभी केली. त्यांनी सोडवलेला प्रश्न समजून घेण्यासारखा आहे. वेगाच्या सायकलीची चाकं ठरलेल्या आकाराची, म्हणजे टायरसकट जवळपास 68 सेंटिमीटर व्यासाची. बुटक्या बाईसाठी फ्रेम आखूड करू गेलं तर पुढचं चाक पायाशी येतं आणि वळताना बुटाचं टोक त्याला घासतं. यावर कारखान्यांनी काढलेली वाट म्हणजे हँडलची नळी जास्त कलती करून चाक पुढे ढकलायचं आणि सीटची नळी जास्त उभी करून कागदावर दांडीची लांबी कमी दाखवायची. पण मांड्यांना जोर लावायला सीट जिथे हवी तिथेच लागते, म्हणून ती पुन्हा मागे सरकवावी लागते आणि हात हँडलपर्यंत पूर्वीइतकेच ताणले जातात. सायकल लहान दिसते, पण बसत मात्र नाही. टेरी यांनी मागचं चाक पूर्ण आकाराचं ठेवलं आणि पुढे 24 इंची लहान चाक बसवलं. त्यामुळे पायाला जागा मिळाली, दांडी खरोखर आखूड झाली आणि हँडलचा कोनही बिघडला नाही. दोन वेगळ्या चाकांची सायकल विचित्र दिसते, दोन मापांच्या ट्यूब बाळगाव्या लागतात, हे खरं. पण खांदे आणि मनगटं न दुखता मैलोन्‌मैल जाता येणं ही मोठी गोष्ट आहे, आणि ही युक्ती सुचली ती शरीराचा विचार आधी केल्यामुळे.

हँडलचा कोन बिघडला नाही, याला एवढं महत्त्व का? हँडलच्या नळीची रेघ मनात जमिनीपर्यंत वाढवली तर ती चाक टेकतं त्या जागेच्या थोडी पुढे पडते. या दोन जागांमधल्या अंतराला ट्रेल म्हणतात. चाकाची त्रिज्या 340 मिलिमीटर, नळीचा कोन 73 अंश आणि फोर्कचा, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याचा, पुढचा बाक 45 मिलिमीटर धरला तर ट्रेल येतो सुमारे 57 मिलिमीटर. तोच कोन 71 अंश केला की तो 70 च्या घरात जातो. डोळ्यांना न कळणाऱ्या दोन अंशांनी हँडल जड होतं आणि हळू चालवताना एका बाजूला कलू लागतं. सायकल तोल कसा सांभाळते हा प्रश्नही वाटतो तितका सोपा नाही. डेव्हिड जोन्स या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञानं मुद्दाम चालवता न येणाऱ्या सायकली बनवण्याचा प्रयत्न केला आणि 1970 मध्ये ‘फिजिक्स टुडे’ मासिकात त्याची हकिगत लिहिली. शेजारी उलटं फिरणारं चाक लावून त्यानं पुढच्या चाकाचा भोवऱ्यासारखा परिणाम पुसून टाकला, तरी सायकल चालवता आली. पुढचं चाक बरंच पुढे नेऊन ट्रेल बिघडवला, तेव्हा मात्र ती आवरेना. म्हणजे ट्रेलच सर्वस्व म्हणावं, तर 2011 मध्ये डेल्फ्ट आणि कॉर्नेल विद्यापीठांच्या संशोधकांनी हे दोन्ही परिणाम काढून टाकलेली एक छोटी सायकल बनवली, आणि तीही माणसाशिवाय तोल सांभाळत धावली. घरी फ्रेम आखणाऱ्यानं यातून घ्यायचं ते इतकंच: कोणताही एक आकडा जादूचा नाही, म्हणून अनुभवानं ठरलेल्या आकड्यांच्या जवळ राहावं आणि आपल्या शरीरासाठी गरजेचं तेवढंच बदलावं.

प्रत्यक्ष कामातही पहिला मान मापालाच असतो. मोठ्या कागदावर किंवा प्लायवूडवर सायकल खऱ्या आकारात आखतात, आणि आखणी नळ्यांपासून नाही, तीन बिंदूंपासून सुरू होते: सीट, हँडल आणि पायडलचा आस. हे तिन्ही बिंदू पायांची लांबी, धड आणि हात यांवरून ठरतात. नळ्या त्यांना जोडायला मागून येतात. नळी पोलादाची घेण्याला कारण आहे. 6061 जातीचं अॅल्युमिनियम वेल्ड केलं की जोडापाशी नरम पडतं आणि पूर्ण ताकद परत आणायला अख्खी फ्रेम भट्टीत घालावी लागते. घरी ते होत नाही. पोलादी नळ्या मात्र ब्रेझिंगनं, म्हणजे जोडात दुसरा धातू वितळवून, जोडता येतात. पोलाद वितळतं 1500 अंश सेल्सिअसच्या आसपास, पितळी सळई सुमारे 900 ला आणि चांदीमिश्रित सळई त्याहूनही खाली, म्हणून नळी न वितळता जोड भरतो. टोकांना जाड आणि मधे पातळ अशा नळीचं पेटंट बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स यांनी 1897 मध्ये घेतलं. आजही चांगल्या नळीची भिंत टोकाला 0.8 तर मधे 0.5 मिलिमीटर इतकीच असते. अशा नळीचं टोक दुसऱ्या नळीच्या गोलाईवर तंतोतंत बसवायला कागदाची पट्टी गुंडाळून वक्र आखतात, हॅक्सॉनं कापतात आणि अर्धगोल कानशीनं घासत राहतात. दोन्ही नळ्या टेकवून खिडकीसमोर धरल्यावर फटीतून उजेड दिसला, तर पुन्हा कानस. मग फ्लक्स, म्हणजे जोड स्वच्छ ठेवणारा लेप, लावून ज्योत. फ्लक्स आधी पांढरा फुगतो, नंतर वितळून पारदर्शक होतो. नळी लाल झाली की सळई टेकवायची. पितळ उष्णतेकडे ओढलं जातं, ज्योत नेऊ तिकडे जोडात शिरतं. शेवटी फ्रेम सरळ आहे का हे पाहायला महागडं यंत्र लागत नाही. मागच्या चाकाच्या एका खाचेपासून दोरा हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणायचा आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजायचं. एका मिलिमीटरची चूकही तिथे उघडी पडते.

घरी फ्रेम बनवण्यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप सुरक्षिततेचा आहे. कारखान्यातली फ्रेम आयएसओ 4210 सारख्या मानकाप्रमाणे हजारो वेळा दाबून, हादरवून तपासता येते. घरच्या फ्रेमला ती सोय नाही, आणि उतारावर हँडलचा जोड सुटला तर जीव जातो. याला उत्तर आत्मविश्वासानं देता येणार नाही, शिस्तीनंच द्यावं लागेल. खऱ्या नळीला हात लावण्याआधी तुकड्यांवर जोड करावेत, ते उभे कापावेत आणि पितळ आतपर्यंत पोचलं का ते पाहावं. पहिल्या सायकलीचा फोर्क विकतच घ्यावा. पातळ नळ्या नेहमीच्या ग्रिलवाल्याकडे आर्क वेल्डिंगला देऊ नयेत, भोक पडतं किंवा जोड ठिसूळ होतो. फ्लक्सचा आणि जस्ताच्या मुलाम्याचा धूर घातक असतो, म्हणून काम मोकळ्या हवेत व्हावं. फ्लॅटच्या बाल्कनीत गॅसची सिलिंडरं आणू नयेत. पोलादाची एक बाजू मात्र इथे सांगायलाच हवी: ते बहुधा एकाएकी दगा देत नाही, आधी रंगाखाली बारीक तडा दिसतो. आपली फ्रेम दर महिन्याला पुसून, निरखून पाहणारा मालक हाही सुरक्षिततेचा भागच आहे. इतकं पाळायची तयारी नसेल तर हा नाद करू नये.

दुसरा आक्षेप असा की सीट वरखाली करून आणि हँडलचा स्टेम बदलून बहुतेकांचं भागतं, मग खर्च आणि खटाटोप कशाला? बहुतेकांचं भागतं, हे मला मान्य आहे. त्यांनी तयार सायकलच घ्यावी, ती स्वस्तही पडते. प्रश्न उरतो तो फार बुटक्या, फार उंच, एक पाय आखूड असलेल्या, पाठीनं किंवा हातानं अधू असलेल्या माणसांचा. त्यांना स्टेम बदलून न्याय मिळत नाही. घरच्या हातकामाला कारखान्याची सर येणार नाही, असंही कोणी म्हणेल. त्यांनी स्कॉटलंडचा सायकलपटू ग्रॅम ओब्री यानं स्वतः बनवलेली सायकल पाहावी. छातीखाली हात मुडपून बसायची त्याची पद्धत वेगळी होती. गुडघे आपटू नयेत म्हणून त्यानं वरची दांडीच काढली आणि पाय जवळ यावेत म्हणून पायडलचा आस अरुंद केला. त्यासाठी वापरलं कपडे धुण्याच्या यंत्राचं बेअरिंग. 1993 च्या जुलैत नॉर्वेतल्या हामार इथे एका तासात जास्तीत जास्त अंतराचा विक्रम करायला तो उतरला. या घरच्या सायकलीवरून बनवलेल्या नव्या सायकलवर पहिल्या दिवशी तो कमी पडला. दुसऱ्या दिवशी, 17 जुलैला, घरच्या जुन्या सायकलवर बसून त्यानं 51.596 किलोमीटर कापले आणि फ्रान्चेस्को मोझरचा 1984 चा 51.151 किलोमीटरचा विक्रम मोडला. सहाच दिवसांत ख्रिस बोर्डमननं त्याला मागे टाकलं, आणि पुढच्या वर्षी ओब्रीच्या बैठकीवर आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेनं बंदी घातली. बंदी बैठकीवर आली, जोडांच्या कच्चेपणावर नाही, हे ध्यानात घेण्यासारखं आहे.

मग तयार मापांत न बसणाऱ्यांसाठी हे काम कोणी करावं? महाराष्ट्रातल्या आयटीआयमध्ये वेल्डरचा अभ्यासक्रम चालतो, गॅस वेल्डिंग आणि ब्रेझिंग त्यात शिकवतात. अभियांत्रिकी महाविद्यालयांत जोड तपासायची यंत्रं असतात. या दोघांनी मिळून दरवर्षी तीन सारख्या फ्रेम गावातल्या अशा एखाद्या माणसाच्या मापानं कराव्यात, ज्याला दुकानातली कुठलीच सायकल बसत नाही. पहिली कापून तपासावी, दुसरी यंत्रावर दमवावी आणि तिसरी त्याच्या हाती द्यावी.