पाषाणाच्या पोटातील पाणी

खडकांचा पाठ आम्ही फळ्यावर नव्हे, विहिरीच्या काठावर सुरू करतो. वर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. हा बेसॉल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून लाव्हारस पुनःपुन्हा वाहिला आणि थरावर थर थिजत गेला. महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भाग त्याने व्यापला आहे.

थराचा घट्ट भाग पाणी झिरपू देत नाही. पाणी राहते ते मुरमात, खडकाच्या भेगांत आणि वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेल्या थरात. म्हणूनच एक विहीर भरलेली, तर शेजारची कोरडी असू शकते. त्यास ना कोणाचा विटाळ कारण असतो, ना देवीचा कोप. तळहातावर नारळ धरून पाणी दाखविणाऱ्यास भेगांची दिशा तेवढी विचारावी!

हाच घट्टपणा प्राचीन भिक्खुसंघाच्या उपयोगी पडला. कान्हेरीच्या ज्वालामुखीजन्य खडकात पाण्याची टाकी कोरलेली आहेत. तेथील शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. एक पोढी कल्याणच्या सोनाराने दान दिलेली आहे. पाणी दान करणाऱ्या याच भूमीत पुढे पाणवठे माणसांना बंद झाले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. ते पाणी कोणत्याही खडकाने अडविलेले नव्हते.

सुट्टीत गावी जाल, तेव्हा आपल्या वस्तीच्या विहिरीत मुरूम किती हातांवर संपतो, ते पाहून यावे.