गळिताचा हंगाम आणि उललेलं अंग



गव्हाणीत मोळी पडून कारखान्याचा भोंगा वाजू लागला, की त्याच सुमारास आपल्या भागात दुसराही एक हंगाम सुरू होतो. तो अंग उलण्याचा. केदारखेड्याच्या शिवारात, पूर्णेच्या काठाने, पहाटेचा गारठा आणि दुपारचं कोरडं वारं एकाच दिवसात अंगावर घेत माणसं उसात उभी असतात. वीज रात्रीची आली, तर घोटाभर गार पाण्यात उभं राहून दारं धरावी लागतात. मग पोटऱ्यांवर पांढऱ्या रेघा उमटतात, टाचा फुटतात, आणि रात्री गोधडीत शिरलं की खाज सुटते ती झोप मोडूनच राहते. या खाजेला आपण आजार म्हणत नाही. "थंडीचं चालायचंच," म्हणतो, आणि फारच झालं तर मेडिकलवरून एखादी ट्यूब आणतो. आमचं खरं बोलणं त्या ट्यूबेबद्दल आहे. पण आधी अंग उलतं का, ते पाहू.

कातडीचा सर्वांत वरचा थर कागदासारखा पातळ असतो. त्याची बांधणी विटांच्या भिंतीसारखी समजा. मेलेल्या पेशी म्हणजे विटा, आणि त्यांच्यामधला स्निग्ध पदार्थ म्हणजे सांधे भरणारा चुना. हा चुना शाबूत असला तर आतली ओल आत राहते. तो धुऊन गेला की ओल उडते. त्या थरातलं पाणी साधारण दहा टक्क्यांच्या खाली गेलं, की उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते तशी कातडी भेगाळते. मग खाज येते, आपण खाजवतो, खाजवल्याने भिंत आणखी ढासळते आणि पुन्हा खाज. हे चक्र रात्री जास्त फिरतं, कारण पांघरुणाची ऊब खाज वाढवते.

थंडी आपल्या हातात नाही. पण हा चुना धुऊन काढण्यात निम्मा हात आपलाच असतो. चुलीवरचं कढत पाणी बादलीभर अंगावर ओतून घ्यायचं आणि साबण डोक्यापासून पायापर्यंत दोनदा फिरवायचा, ही हिवाळ्यातली आपली चैन. कातडी किंचित आंबटपणाकडे झुकणारी असते आणि नेहमीचा साबण क्षारधर्मी. उसाला चोपण जमीन मानवत नाही, तसा हा क्षार कोरड्या कातडीला मानवत नाही. बोअरचं पाणी जड असलं, साबणाला फेस धरत नसला, तर आपण साबण जास्त घासतो आणि त्याचा राप अंगावर बसतो. काही घरांत आंघोळीच्या पाण्यात जंतुनाशकाचं झाकण टाकायची सवय आहे. कोरड्या अंगाला त्याचा त्रासच होतो. कपड्याचा साबण तर अंगाला नकोच नको.

तेव्हा पाणी कोमट, आंघोळ पाच-दहा मिनिटांत उरकलेली, आणि साबण काखा, जांघा, पाय व जिथे खरोखर मळ आहे तिथेच. पोटऱ्या, दंड आणि पाठ यांना थंडीत रोज साबणाची गरज नसते. वज्रीने किंवा काथ्याने घासणं बंद.

आता तेल. तेल आपण लावतो, पण वेळ चुकते. दिवाळीच्या अभ्यंगात आधी तेल, मग उटणं, मग ऊन पाणी, असा क्रम आहे. त्या तेलाने साबणापासून थोडं रक्षण होतं हे खरं, पण शेवटी अंगावर उरतं किती? कोरड्या अंगाला तेल हवं ते आंघोळीनंतर. पंचाने अंग टिपायचं, चोळायचं नाही, आणि अंग ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, तेलाचा पातळ हात फिरवायचा. तेल स्वतः पाणी देत नाही, असलेलं पाणी अडवतं. पाझर तलावाला पाऊस पडायच्या आधी बांध लागतो, इथे पाऊस पडून गेल्याबरोबर बांध घालायचा, एवढाच फरक. "येळ कुठाय?" असं जो म्हणेल त्याने निदान पोटऱ्या आणि हात तरी सोडू नयेत.

कोणतं तेल? खोबरेल चांगलं. २००४ साली फिलिपिन्समधल्या डॉक्टरांनी कोरड्या कातडीच्या ३४ जणांवर खोबरेल आणि खनिज तेल यांची तुलना केली, तेव्हा दोन्ही सारखीच गुणाची ठरली. सूर्यफुलाच्या तेलात लिनोलिक आम्ल भरपूर असतं, आणि भिंतीचा तो चुना घडवायला कातडीला हेच आम्ल लागतं. आपल्या मराठवाड्याच्या करडईतही ते भरपूर आहे. मोहरीचं तेल मात्र तान्ह्या बाळाला लावू नये, त्याने कातडी दुखावते. सर्वांत पक्का बांध म्हणजे साधं व्हॅसलीन. अमेरिकेत १८७२ साली त्याचं पेटंट घेतलं गेलं, आणि पाणी अडवण्याच्या कामात आजही त्याला तोड सापडलेली नाही. वासाचं, रंगाचं, महागडं काही घ्यायची गरज नाही. उलट वासानेच कित्येकांना खाज येते.

टाचांच्या भेगांसाठी एक गंमत सांगतो. आपण उसाला जो युरिया टाकतो, तोच पदार्थ कातडीच्या वरच्या थरात निसर्गतःच असतो आणि तिथे पाणी धरून ठेवतो. म्हणून भेगांच्या मलमात दहा ते वीस टक्के युरिया घालतात. पण पोत्यातला युरिया कुणी तेलात कालवून टाचेला फासू नये! तो खताचा आहे, शिवाय २०१५ पासून त्याला निंबोळी तेलाचा लेप असतो. रात्री पाय कोमट पाण्यात दहा मिनिटं बुडवायचे, पुसायचे, मलम किंवा व्हॅसलीन लावून सुती मोजे घालून झोपायचं. आठवड्यात फरक दिसतो. खत फेकल्यावर हात लगेच साध्या पाण्याने धुऊन तेल लावण्याचा नियम बायाबापड्यांनीही पाळावा. धुणं-भांडी आणि खत अशी दुहेरी झीज त्यांच्याच हातांची होते.

मात्र प्रत्येक खाज कोरडेपणाची नसते. पाचट काढताना उसाची कूस टोचून येणारी खाज वेगळी. ती पूर्ण बाह्यांचा सदरा घालून टळते आणि गार पाण्याने उतरते. गाजरगवताची खाज मात्र त्याहून चिवट आहे. हे गवत पुण्यात उगवल्याची नोंद १९५६ साली छापून आली. अमेरिकेच्या गव्हाबरोबर त्याचं बी आलं, असं मानलं जातं. पुण्याचे डॉ. लोणकर यांनी परदेशी सहकाऱ्यांसह १९७४ साली त्याच्यापासून होणाऱ्या कातडीच्या विकारावर लेख लिहिला. त्याचे बारीक कण वाऱ्यावर उडतात, म्हणून पापण्या, मान, कानामागची जागा आणि कोपराची लवण इथे कातडी आधी लाल होते, मग जाड आणि काळी पडते. ज्याला हे जडलं त्याला नुसत्या तेलाने आराम पडत नाही. त्याने बांधावरचं गवत स्वतः उपटू नये. दुसऱ्याने हातमोजे घालून, फुलोऱ्याआधी उपटावं.

खरुजेचं लक्षणही सांगतो. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती पुटकुळ्या येतात, रात्री खाज फार वाढते, आणि घरात एकाला झालं की पाठोपाठ दुसऱ्याला होतं. गळिताच्या दिवसांत ऊसतोड टोळ्यांच्या कोपींवर एका पांघरुणात तीन-तीन लेकरं झोपतात, तिथे ती झपाट्याने पसरते. यात त्या माणसांचा दोष नाही, जागेचा आणि पांघरुणांच्या टंचाईचा आहे. औषध सोपं आहे, पण घरातल्या सर्वांनी एकाच रात्री, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे सर्वांगाला लावायचं. एकट्या खाजणाऱ्याने लावलं तर आठ दिवसांत खरूज परत हजर.

आता ती ट्यूब. खाजेवर तासाभरात आराम देणाऱ्या बहुतेक ट्यूबांत स्टेरॉइड असतं. खोक्यावर बारीक अक्षरात बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असं नाव दिसेल. डॉक्टरने नेमून दिलेल्या दिवसांपुरतं ते गुणाचं आहे. पण हेच गजकर्णावर चोळलं तर खाज दबते आणि आत बुरशी खुशाल पसरते. कड पुसट झाल्याने पुढे डॉक्टरलाही ते ओळखायला जड जातं. महिनोन्‌महिने लावलं तर कातडी पातळ होते, जांघेत व दंडावर कायमचे चरे पडतात, आणि सोडताच दुपटीने लाली येते. २०१८ साली सरकारने अशी १४ औषधं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी गावोगाव ती शेजाऱ्याच्या शिफारशीवर विकली जातात. आमचं मत स्पष्ट आहे: जी ट्यूब एका रात्रीत खाज घालवते, तिच्याकडे संशयानेच पाहावं.

दोन आठवडे तेल-पाण्याची ही पद्धत नीट पाळूनही खाज राहिली, अंगावर काहीच न दिसता सर्वांग खाजत राहिलं, किंवा वय साठीच्या पुढे असलं, तर रक्त-लघवी तपासून घ्यावी. मधुमेह, मूत्रपिंड, यकृत आणि थायरॉइड यांचे विकार अशा खाजेने डोकावतात. एखादा चट्टा कोरडा आहे, फिकट आहे, पण खाजत नाही आणि टोचल्याचंही कळत नाही, तर तेल लावत बसू नये. तो कुष्ठरोगाचा असू शकतो. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते आणि वेळेत घेतलं तर हात-पाय शाबूत राहतात. भोकरदनचं ग्रामीण रुग्णालय जवळ आहे, आणि गुंतागुंतीचं असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या घाटीत त्वचारोगाचा स्वतंत्र विभाग आहे. जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबा, पिळून संपलेल्या आणि खोकी फाटलेल्यासुद्धा, पिशवीत घालून न्याव्यात. काय लावलं होतं हे तोंडी सांगताना "पिवळ्या खोक्यातली" यापलीकडे बहुतेकांना आठवत नाही.