गळती कुठेही, तक्रार घोटावड्यातून

सकाळी ६.३०

वकिलाला ऑफिसात भेटायचं असतं, ही कल्पना घोटावड्यात अजून पुरती रुजलेली नाही. माझं ऑफिस फाट्यावर आहे आणि घर गावात, त्यामुळे दिवसाचा पहिला पक्षकार ओट्यावरच येऊन बसतो. आज रिहे खोऱ्यातले एक आजोबा आले आहेत, सोबत नातू. काल संध्याकाळी त्यांना ‘विमा कंपनीतून बोलतोय’ असा फोन आला. पॉलिसीचा नंबर बरोबर, हप्त्याची तारीख बरोबर. ‘‘माझ्या आप्रेशनचं साल बी त्याला ठावं हुतं मॅडम. मग खोटा कसा म्हनायचा?’’ बोनस जमा करतो म्हणून त्याने लिंक पाठवली, नातवाने ओटीपी टाकला आणि खात्यातून बावीस हजार गेले.

‘‘१९३० ला फोन केला का?’’

‘‘न्हाई. म्हटलं आधी तुमास्नी इचारावं.’’

फोन तिथेच लावायला लावते. १९३० ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन. तक्रार नोंदली की पैसे पुढे ज्या खात्यात गेले ते गोठवण्याचा निरोप बँकांना जातो. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात उड्या मारत असतो, म्हणून इथे तासांचा हिशेब असतो. त्यानंतर बँकेला लेखी कळवायचं. चूक ना बँकेची ना खातेदाराची, असा व्यवहार तीन कामकाजी दिवसांत कळवला तर ग्राहकावर भार पडत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१७ पासून आहे. पण ओटीपी स्वतःच्या हाताने दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान बँक ग्राहकाच्या माथी मारू शकते. कळवल्यानंतर जे जाईल ते मात्र बँकेचं. आजोबांना हे सांगताना नातू खाली बघतो. त्याला मी म्हणते, बाळा, ज्याच्याकडे आजोबांच्या आजाराची माहिती होती त्याने तुला फसवलं. ती माहिती त्याच्याकडे कशी गेली, हेच आपल्याला विचारायचं आहे.

सकाळी ९.००

पौड पोलीस ठाणे. तक्रारीत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-क आणि ६६-ड, म्हणजे दुसऱ्याच्या ओळखीचा गैरवापर आणि तोतयेगिरी करून फसवणूक, शिवाय भारतीय न्याय संहितेतलं फसवणुकीचं कलम. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असला तरी ठाण्याला तो नोंदवून घ्यावा लागतो. त्यामुळे ‘हे आमच्याकडे येत नाही’ या उत्तरावर परत फिरायचं नाही.

बाहेर आल्यावर आजोबा विचारतात, आता कंपनीवर केस झाली का? नाही झाली. चोर वेगळा आणि दार उघडं टाकून गेलेला राखणदार वेगळा. पोलिसांकडची तक्रार चोराविरुद्ध असते. राखणदाराला जाब विचारायची जागा दुसरी. आजच्या दिवसातलं माझं बहुतेक काम ही जागा शोधून देण्याचंच आहे.

सकाळी १०.३०

ऑफिस. एक काकू पिशवीतून सगळी कागदपत्रं घेऊन आल्या आहेत. कंपनीने ‘आमच्या यंत्रणेत अनधिकृत शिरकाव झाला’ असा मेसेज पाठवला. आपलं नेमकं काय गेलं, हे त्यांना कुणी सांगेना. त्यांच्या जावेचा अडकलेला क्लेम विमा लोकपालांनी मिळवून दिला होता, म्हणून यांनाही नारायण पेठेतल्या त्याच कार्यालयात जायचंय.

लोकपाल फुकट आहे, वकील लागत नाही आणि पन्नास लाखांपर्यंतचा निवाडा देतो, हे सगळं खरं. पण २०१७ च्या नियमांत लोकपालांपुढे नेता येणारे विषय ठरवून दिलेले आहेत: नाकारलेला किंवा रखडलेला क्लेम, हप्त्याचा वाद, चुकीची माहिती देऊन गळ्यात मारलेली पॉलिसी, सेवेतली दिरंगाई. ‘माझी माहिती सांभाळली नाही, त्याची भरपाई द्या’ हा विषय त्यात सरळ बसत नाही. काकूंना मी तिकडे पाठवत नाही.

त्यांच्यासाठी पहिलं पाऊल कंपनीच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र. तीन प्रश्न: माझी कोणती माहिती गेली, केव्हा गेली, ती थांबवायला तुम्ही काय केलंत? चौदा दिवसांत समाधान झालं नाही तर विमा नियामक इर्डाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार. इर्डा भरपाई देत नाही, पण कंपनीच्या कामावर तिचीच देखरेख असते. एप्रिल २०२३ च्या तिच्या सायबर सुरक्षा मार्गदर्शक सूचना विमा कंपन्यांवर बंधनकारक आहेत. आपल्या हातात तक्रारीचा क्रमांक येतो आणि पुढे ग्राहक आयोगात तो कामाला येतो.

काकू म्हणतात, ‘‘एवढं लिहायचं कशाला? मी फोनवर बोलले की त्यांच्याशी.’’ फोनवरचं बोलणं आयोगापुढे ठेवता येत नाही, काकू. पत्र ठेवता येतं.

दुपारी १२.००

हिंजवडीत नोकरी करणारा एक तरुण. घोटावड्यात घर घेतलंय, कामावर जायला माणवरून रस्ता आहेच. हा तयारी करून आलाय. सप्टेंबर २०२४ च्या स्टार हेल्थच्या प्रकरणापासूनच सुरुवात करतो.

ते प्रकरण आता या विषयातलं ठळक उदाहरण झालं आहे. चेन्नईच्या या आरोग्य विमा कंपनीच्या ग्राहकांची नावं, पत्ते, फोन, ओळखपत्रांच्या प्रती आणि तपासण्यांचे अहवालसुद्धा टेलिग्रामवरच्या चॅटबॉटमधून मिळत असल्याची बातमी रॉयटर्सने २० सप्टेंबरला दिली. ३ कोटी १० लाख ग्राहकांची, ७.२४ टेराबाइट माहिती आपल्याकडे असल्याचा दावा ‘झेनझेन’ नावाने वावरणाऱ्या हॅकरने केला. संवेदनशील माहिती सुरक्षित असल्याचं कंपनी सुरुवातीला सांगत होती. तिने मद्रास उच्च न्यायालयात टेलिग्राम आणि त्या हॅकरविरुद्ध दावा लावला, न्यायालयाने मजकूर रोखण्याचा अंतरिम आदेश दिला. ऑक्टोबरमध्ये आपल्यावर सायबर हल्ला झाल्याचं कंपनीने सांगितलं, आणि ६८ हजार डॉलरची खंडणी मागितल्याचंही बाहेर आलं.

तरुणाचा प्रश्न नेमका आहे. कंपनी कोर्टात गेली, पण ग्राहक कुठे गेला? त्या दाव्यात ग्राहक नव्हताच. तिथे कंपनी स्वतः वादी होती.

ग्राहकाची जागा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये आहे. सेवेतली त्रुटी तर आहेच, शिवाय ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती दुसऱ्याला देणं याला हा कायदा ‘अनुचित व्यापारी प्रथा’ म्हणतो. कंपनीचा वकील इथे म्हणेल, आम्ही दिली नाही, आमच्याकडून चोरली. म्हणून मी तक्रार दोन्ही पायांवर उभी करते, आणि जास्त भार त्रुटीवर ठेवते. कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार चालते. कंपनीचं मुख्यालय देशात कुठेही असो, घोटावड्याच्या माणसाला पुण्याचा आयोग पुरतो. ई-जागृती पोर्टलवरून तक्रार घरबसल्याही दाखल होते. आयोगाची मर्यादा भरलेल्या मोबदल्यावर ठरते, विम्याच्या रकमेवर नाही. पाच लाखांपर्यंत मोबदला असेल तर शुल्क शून्य. एकाच कारणाने बाधित झालेले अनेक ग्राहक आयोगाच्या परवानगीने कलम ३५ खाली एकत्र येऊ शकतात.

मुदत मात्र दोन वर्षं. गळती कळल्याची तारीख सप्टेंबर २०२४ धरली, तर मुदत सप्टेंबर २०२६ ला संपते. उशीर माफ करून घेता येतो, पण त्याची कारणं पटवावी लागतात. तरुण तारखा मोबाइलमध्ये टिपून घेतो.

दुपारी २.३०

जेवून परतते तर पिरंगुटच्या कारखान्यातला एक कामगार दाराशी. विमा मालकाने काढलेला, गटविमा. माहिती फुटली, पैसे गेलेले नाहीत. पण त्याला असलेला आजार घरच्यांशिवाय कुणाला माहीत नव्हता. ‘‘मी हप्ता भरलाच नाही मॅडम, मग मी ग्राहक कसा?’’ ज्याच्यासाठी सेवा घेतली तो लाभार्थीही कायद्याने ग्राहकच.

याच्यासाठी दुसरा मार्गही आहे: माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३-अ. संवेदनशील माहिती सांभाळण्यात कंपनीने हयगय केली आणि त्यातून नुकसान झालं, तर भरपाई. २०११ च्या नियमांत आरोग्याची स्थिती, वैद्यकीय नोंदी, बँक खात्याची माहिती संवेदनशील धरली आहे. नुसतं नाव आणि फोन नंबर त्यात येत नाही. निवाडा करणारा अधिकारी म्हणजे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाचे सचिव, मंत्रालयात. पाच कोटींपर्यंतचे दावे त्यांच्यापुढे चालतात. हा मार्ग फुकट नाही. एक लाख मागितले तर शुल्क पाच हजारांच्या घरात जातं.

पुण्याने या मार्गाचा उपयोग पाहिलेला आहे. पूना ऑटो ॲन्सिलरीज या कंपनीच्या खात्यातून फसव्या ईमेलमुळे सुमारे ८० लाख रुपये गेले होते. २०१३ मध्ये तेव्हाचे सचिव राजेश अग्रवाल यांनी पंजाब नॅशनल बँकेला ४५ लाख देण्याचा आदेश दिला. ईमेलला उत्तर दिल्याची चूक तक्रारदाराच्याही पदरात घातली, तरी सुरक्षेतल्या ढिलाईतून बँक सुटली नाही. सकाळच्या आजोबांसाठी हा निवाडा मी बाजूला काढून ठेवला आहे.

कामगाराला मी खरं ते सांगते. पैसे गेले नसतील तर ‘नुकसान’ दाखवणं कठीण. बदनामीची भीती आणि मनस्ताप यांची भरपाई ग्राहक आयोग देऊ शकतो, म्हणून याची तक्रार तिकडे. आणि त्याचं नाव व अहवाल उघड होऊ नयेत, असा अर्ज पहिल्याच तारखेला.

दुपारी ४.३०

चहाच्या वेळी तरुणाचा मेसेज येतो: नव्या डेटा संरक्षण कायद्यात अडीचशे कोटींचा दंड आहे ना, मग तो लागू होईपर्यंत थांबूया का?

थांबायचं नाही, कारण गणित उलटं आहे. २०२३ च्या त्या कायद्यात सुरक्षेत कसूर केल्यास २५० कोटींपर्यंत दंड आहे हे खरं, पण तो भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत जातो. ज्याची माहिती गेली त्याला भरपाई द्यायची तरतूद त्यात नाही. उलट हाच कायदा कलम ४३-अ रद्द करतो. १३ नोव्हेंबर २०२५ च्या अधिसूचनेनुसार हा भाग अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये अमलात यायचा आहे. ग्राहकाच्या बाजूने एक सुधारणा नक्की होईल: गळती झाली की बाधित व्यक्तीला विनाविलंब कळवणं कंपनीला भाग पडेल. कळणं आणि भरपाई मिळणं यांतलं एक हाती येईल तेव्हा दुसऱ्याचा एक मार्ग बंद झालेला असेल.

संध्याकाळी ६.००

फाइली लावायची वेळ. प्रत्येकीत तोच क्रम: पॉलिसीची प्रत, हप्त्याच्या पावत्या, कंपनीचा मेसेज तारखेसह, आलेल्या फसव्या फोनची नोंद, १९३० चा क्रमांक, बँकेचं पत्र, कंपनीला पाठवलेली नोटीस. स्क्रीनशॉट मोबाइलमधून पुसू नका, मूळ फोन विकू नका, असं सगळ्यांना बजावलेलं आहे. डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्याचा मसुदा मीच देते. काकूंना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा अर्जही दिला आहे. बाईला तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि हे मी माझी फी बुडवून सांगते.

रात्री ८.३०

काकूंचा फोन. ‘‘सगळं करू, पण पैसे किती मिळतील?’’

आकडा मी देत नाही. कुणी देत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका, हेही सांगते. पण एक गोष्ट ठामपणे सांगता येते. तक्रारीची नोटीस मिळाल्यापासून तीस दिवसांत कंपनीला लेखी उत्तर द्यावंच लागतं, फार तर पंधरा दिवस जास्त मिळतात. त्यापुढे आयोगालाही मुदत वाढवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ४ मार्च २०२० ला ठरवून टाकलं, तेही एका विमा कंपनीच्याच प्रकरणात. माझं काय गेलं, हा काकूंचा प्रश्न आता कॉल सेंटरच्या ‘तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’वर थांबणार नाही. त्याचं उत्तर कुणातरी अधिकाऱ्याला सहीनिशी द्यावं लागेल, आणि नाही दिलं तर त्यांच्या उत्तराशिवायच निकाल लागेल.

‘‘मग घाला केस,’’ काकू म्हणतात.