गाउट : ठणका थांबतो, खडे राहतात



आज बारामती आणि इंदापूर, दोन्ही तालुक्यांतली माणसं समोर आहेत. आपल्या भागात या आजाराला गाउट असं फारसं कुणी म्हणत नाही. "मला युरिक आहे" असं म्हणतात. आता युरिक अॅसिड तर मलाही आहे, तुम्हालाही आहे. आपल्या पेशी रोज मरतात, नव्या होतात. त्यांच्यातला प्युरिन नावाचा भाग मोडला की शेवटी हे युरिक अॅसिड उरतं. मटण-मासळीतून थोडं बाहेरून येतं, पण बरंचसं आपलं शरीरच तयार करतं. गाय-बैल-शेळी यांच्या अंगात एक विकर असतं, युरिकेज, ते या युरिक अॅसिडचे आणखी तुकडे करतं. माणसात त्या विकराचं जनुक फार पूर्वीच बंद पडलं. त्यामुळे आपल्याला ते बाहेरच टाकावं लागतं. साधारण दोन तृतीयांश लघवीवाटे जातं, उरलेलं आतड्यातून.

आणि इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. गाउटच्या बहुतेक रुग्णांत युरिक अॅसिड फार तयार होतं असं नसतं, मूत्रपिंडातून ते कमी बाहेर पडतं. यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. म्हणून माळकरी माणसालाही गाउट होतो, आणि घरचे त्याच्याकडे संशयाने बघतात. ते बघणं आधी बंद करा.

आता सांध्यात काय होतं ते बघू. तुम्ही उसाच्या पट्ट्यातले, म्हणून हे तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल. खडीसाखर कशी करतात? घट्ट पाक करायचा, त्यात दोरा सोडायचा आणि पाक निवू द्यायचा. दोऱ्यावर खडे धरतात. रक्तातलं युरिक अॅसिड साधारण 6.8 मिलिग्रॅमच्या वर गेलं की तो पाक घट्ट झाला असं समजा. सांध्यातली कूर्चा म्हणजे दोरा. आणि पाक निवण्याची जागा म्हणजे शरीराचं सगळ्यात थंड टोक, पायाचा अंगठा. म्हणून पहिला झटका बहुतेकदा अंगठ्याच्या मुळाशी येतो, तोही रात्री. मग घोटा, गुडघा, हाताची बोटं.

हे खडे सुईसारखे टोकदार असतात. कित्येक वर्षं ते कूर्चेवर गुपचूप बसून राहतात. एखाद्या दिवशी त्यातले काही सुटतात, पांढऱ्या पेशी त्यांना गिळायला जातात आणि तिथे आग लागते. सांधा लाल, गरम, चादरीचा स्पर्शसुद्धा सोसवत नाही. 12 ते 24 तासांत ठणका शिगेला पोचतो. आणि मग, नीट ऐका, काहीही केलं नाही तरी आठवड्या-दोन आठवड्यांत तो आपोआप उतरतो.

सगळा घोटाळा इथेच आहे. त्या आठवड्यात जे काही केलं असेल, त्याला श्रेय मिळतं. कुणी इंजेक्शन घेतलं, कुणी लेप लावला, कुणी डाळ सोडली. सगळ्यांनाच गुण येतो! माणूस म्हणतो, बरा झालो. पण खडे जिथल्या तिथे आहेत. पुढचा झटका वर्षाने, मग सहा महिन्यांनी, मग दर महिन्याला. दहा-पंधरा वर्षांत कोपरावर, कानाच्या पाळीवर, बोटांच्या पेरांवर गाठी दिसायला लागतात. त्या फुटल्या तर आतून चुन्यासारखं पांढरं निघतं. एक्स-रेमध्ये हाड उंदराने कुरतडल्यासारखं दिसतं. याला आम्ही जुनाट गाउट म्हणतो. मधल्या वर्षांत दुखलं किती दिवस? एकूण मोजले तर फार नाहीत. पण आजार एक दिवसही थांबलेला नव्हता.

हा रोग आपल्याकडे नवा नाही. चरकसंहितेत वातरक्तावर स्वतंत्र अध्याय आहे, हातापायांपासून सुरू होऊन पुढे पसरणारा विकार म्हणून. त्याचं एक नाव आढ्यवात, म्हणजे श्रीमंताचा वात. युरोपातही याला राजांचा रोग म्हणत. आता तो श्रीमंतांपुरता राहिलेला नाही हे काही मी तुम्हाला सांगायला नको.

आपल्या भागातली मला खरी भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. दर झटक्याला वेदनाशामक इंजेक्शन, घरी गोळ्यांची पट्टी, ऊसतोडीच्या किंवा द्राक्षछाटणीच्या दिवसांत तर रोज एक. उन्हात काम, पाणी कमी, वरून बीपी किंवा शुगर. यात मूत्रपिंड मार खातं. आणि मूत्रपिंड थकलं की युरिक अॅसिड आणखी कमी बाहेर पडतं, खडे आणखी वाढतात. ज्या गोळीने आराम वाटतो तीच रोजची झाली की आजाराला खतपाणी घालते. दुसरी भानगड म्हणजे बिननावाच्या पुड्या आणि काळ्या गोळ्या, ज्या "जडीबुटी" म्हणून विकतात. अशा पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं बऱ्याचदा सापडलेलं आहे. एका दिवसात गुण येतो, सहा महिन्यांत तोंड सुजतं, शुगर वाढते, हाडं ठिसूळ होतात.

मग करायचं काय? दोन कामं आहेत आणि ती वेगळी ठेवायची. एक, लागलेली आग विझवणं. दुसरं, खडे विरघळवणं.

आग विझवायला कोल्चिसिन, वेदनाशामक किंवा थोड्या दिवसांचं स्टिरॉइड, यातलं काय द्यायचं ते तुमचं मूत्रपिंड, पोट, शुगर बघून डॉक्टर ठरवतील. पहिल्या दिवशी सुरू केलं तर थोडक्यात भागतं. सांध्याला विश्रांती, बर्फाचा शेक. मालीश नको. कोल्चिसिन जपून घ्यायचं औषध आहे. आपल्या रानात कळलावी येते ना, तांबडी-पिवळी फुलं येणारी, तिच्या कंदातही हेच द्रव्य असतं आणि तो कंद जिवावर बेतू शकतो. कुणी उगाळून द्यायला लागलं तर हात जोडा आणि निघा.

खडे विरघळवण्याचं मुख्य औषध अॅलोप्युरिनॉल. 1966 सालापासून गाउटसाठी वापरात आहे, स्वस्त आहे. ज्या दोघांच्या प्रयोगशाळेतून ते आलं त्या गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना 1988 साली नोबेल मिळालं. हे औषध युरिक अॅसिड तयार होणंच कमी करतं. पाक पातळ झाला की दोऱ्यावरचे खडे हळूहळू परत विरघळतात. किती पातळ करायचा? 6 च्या खाली. गाठी असतील तर 5 च्या खाली. सुरुवात 100 मिलिग्रॅमने, मूत्रपिंड कमजोर असेल तर 50 ने, आणि दर काही आठवड्यांनी रक्त तपासून डोस वाढवत जायचा, आकडा गाठेपर्यंत. माझ्यासमोर जे कागद येतात त्यांत नेमकी हीच पायरी राहून गेलेली दिसते. 100 ची गोळी तीन वर्षं चालू आहे आणि युरिक अॅसिड 8. ही गोळी घेणं न घेण्यासारखंच.

आणखी एक. औषध सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत झटके वाढू शकतात. खडे विरघळताना सुटतात, म्हणून. रुग्णाला वाटतं गोळी बाधली, तो ती फेकून देतो. उलट ते औषध लागू पडत असल्याचं लक्षण आहे. यासाठीच आम्ही पहिले तीन ते सहा महिने सोबत कोल्चिसिनचा छोटा डोस देतो. झटका आला तरी अॅलोप्युरिनॉल बंद करायचं नाही. बंद करायचं ते एकाच कारणाने, अंगावर पुरळ, तोंडात फोड किंवा ताप आला तर. मग त्याच दिवशी गोळी थांबवा आणि डॉक्टर गाठा. असं क्वचित होतं, पण झालं तर गंभीर असतं. अशांना फेबुक्सोस्टॅट हा दुसरा पर्याय आहे, हृदयविकार असेल तर तो विचारपूर्वक.

हे एवढं समजावून सांगण्याने काय फरक पडतो? इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला 500 हून जास्त रुग्णांवर अभ्यास झाला, 2018 साली लॅन्सेटमध्ये आला. अर्ध्यांना नेहमीची डॉक्टरी सेवा, अर्ध्यांना प्रशिक्षित नर्सने आजार समजावून डोस वाढवत नेला. दोन वर्षांनी नर्सच्या गटातले 95 टक्के रुग्ण 6 च्या खाली होते, दुसऱ्या गटातले 30 टक्के. औषधं दोन्हीकडे तीच होती.

आता खाण्याचं, कारण चिठ्ठ्या सगळ्या त्यावरच आल्यात. नुसत्या पथ्याने युरिक अॅसिड साधारण एखाद्या अंकाने उतरतं. 9 वाल्याचं 8 होईल, 6 नाही. तूरडाळ, पालक, टोमॅटो, सगळं बंद करून माणूस वाळतो आणि खडे तसेच राहतात. अमेरिकेत 47 हजारांवर पुरुषांचा 12 वर्षं पाठपुरावा केलेला अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. मटण आणि मासळी जास्त खाणाऱ्यांत गाउट वाढला, प्युरिन असलेल्या भाज्यांनी वाढला नाही, आणि दूध-दही घेणाऱ्यांत तो कमी आढळला. बारामतीसारख्या दुधाच्या तालुक्यात ही चांगलीच बातमी! तेव्हा वरण-भात जेवा, ताक प्या. भिगवणची मासळी वर्ज्य नाही, पण उजनीच्या काठावर राहतो म्हणून रोज ताटात नको. कलेजी, वजडी टाळा. बिअर सगळ्यात वाईट, दारूही वाईटच.

आणि साखर. साखरेतला अर्धा भाग फ्रुक्टोज, तो यकृतात मोडताना युरिक अॅसिड तयार होतं. कोल्ड्रिंक, रसवंतीतले मोठे ग्लास, "गूळ चालतो" म्हणून खाल्लेला गूळ, सगळं यात आलं. कारखान्याच्या सभासदांसमोर हे बोलायला जरा धीर लागतो, पण आहे ते आहे.

आपल्याकडे आषाढ अवघड जातो. एकीकडे आखाडाच्या मटणाच्या पंगती, दुसरीकडे वारी. तुकोबारायांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी जाते, आणि चालण्याने पायाला लागलेला मार, कमी पाणी, उपवास, या तिन्हींनी झटका येऊ शकतो. वारी सोडू नका. रोजची गोळी पिशवीत ठेवा, कोल्चिसिन किती घ्यायचं ते आधी लिहून घ्या, पाणी पीत चला.

एक चिठ्ठी आहे : "गुडघे दुखतात, युरिक अॅसिड 7.4 आलं, गोळी सुरू करू का?" नुसत्या आकड्यावर नाही. साठीनंतर गुडघा दुखतो तो बहुतेक झिजेने. लाल-गरम सुजेचे झटके नसतील तर हा गाउट नसण्याचीच शक्यता जास्त. उलटही होतं, ऐन झटक्यात युरिक अॅसिड नॉर्मल येतं, म्हणून तपासणी झटका ओसरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करायची. शंका असेल तर सांध्यातलं पाणी काढून सूक्ष्मदर्शकाखाली खडे बघणं हाच पक्का पुरावा. आणि बीपीसाठी लघवीची गोळी चालू असेल तर तीही डॉक्टरांना दाखवा, तिने युरिक अॅसिड वाढतं. स्वतःहून मात्र बंद करू नका.

शेवटची चिठ्ठी : "सांधा सुजलाय, थंडी वाजून ताप आहे, उद्या दाखवलं तर चालेल का?" नाही. सांध्यात पू झाला तरी असंच दिसतं, आणि त्याने सांधा काही दिवसांत खराब होतो. ही चिठ्ठी ज्यांची असेल त्यांनी व्याख्यान संपायची वाट बघू नये, आत्ताच दवाखान्यात जावं.