कापड प्रदर्शनात हातमाग आणि रेडीमेड : दोघांचाही निभाव कसा लागेल?

लोहा तालुक्यातील माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. तेथे जनावरांचा बाजार वेगळा आणि दुकानांच्या रांगा वेगळ्या असतात. जळकोट, उदगीर, कंधार भागातील व्यापाऱ्यांना ही रीत ठाऊक आहे. कापडाच्या प्रदर्शनात मात्र हिमरू शालीचा विणकर आणि रेडीमेडवाला यांना एकाच भाड्याने शेजारी बसविले जाते. विणकर एकदा येतो, पुन्हा येत नाही.

हिशेब साधा आहे. रेडीमेडचा माल स्वस्त, गल्ला दिवसभर चालतो. हातमागाच्या मालाला पाहणारे पुष्कळ, घेणारे थोडे. पण नुसते रेडीमेड मांडले तर आठवडी बाजार सोडून प्रदर्शनाला कोण येणार? नुसता हातमाग मांडला तर मंडपाचा खर्च निघणार नाही. एक गिऱ्हाईक आणतो, दुसरा भाडे भरतो. म्हणून आयोजकांनी तीन गोष्टी कराव्यात असे आम्हास वाटते.

पहिली, भाडे. विणकराकडून थोडी आगाऊ रक्कम घ्यावी, बाकी विक्रीवर ठराविक हिस्सा घ्यावा.

दुसरी, जागा. हातमागाचे गाळे कोपऱ्यात ढकलू नयेत. ते मधोमध, एकत्र असावेत. जाता-येता गिऱ्हाईक रेडीमेडच्या गाळ्यांवरूनच जाईल, त्यांचेही नुकसान नाही.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, पाटी. प्रत्येक गाळ्यावर 'हातमाग' किंवा 'यंत्रमाग' असे स्पष्ट लिहावे. यंत्रमाग काही कमीपणाचा नाही. नाशिककडचे मालेगाव आणि भिवंडी येथे आपल्या हजारो बांधवांची रोजी त्यावरच आहे. पण यंत्राची पैठणी हातची म्हणून विकणे हा धोका आहे. हातच्या पैठणीचा काठ व पदर उलट बाजूनेही सुलटीसारखाच दिसतो. यंत्राच्या पैठणीला मागे बहुधा सुटे धागे असतात. हिमरूला मात्र ही कसोटी लावू नये. अस्सल हिमरूच्या मागेही धागे सुटे असतात.

पाटी का हवी, हे नांदेडने पाहिले आहे. तेथील मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती खादीचे राष्ट्रध्वज तयार करते. ३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहिता बदलली. यंत्रावर विणलेल्या आणि पॉलिएस्टरच्या ध्वजालाही परवानगी मिळाली. स्वस्त ध्वज बाजारात आले. भावाच्या शर्यतीत हातमाल टिकत नाही. तो कसा बनला हे गिऱ्हाईकाला कळले, तरच त्याची किंमत मिळते.

धान्याच्या राशीत ओला दाणा खाली दडविणाऱ्या व्यापाऱ्याला हुजूर (स.) यांनी टोकले होते. मालाची खरी ओळख सांगणे हा आपल्या तिजारतीचा पहिला नियम आहे आणि बरकतही त्यातच आहे. पुढच्या प्रदर्शनाचे अर्ज छापण्यापूर्वी आयोजकांनी या तीन अटी त्यात घालाव्यात, व्यापारी बांधवांनीही तसा आग्रह धरावा.