लानचौचा सकाळचा वाडगा

वायव्य चीनमधल्या कान्सू प्रांताची राजधानी लानचौ पीत नदीच्या काठी वसली आहे. इथली न्याहारी म्हणजे गोमांसाच्या रश्शातल्या नूडल्स. दुकानं भल्या सकाळी गजबजतात आणि जुन्या वळणाची बरीचशी दुपारनंतर बंदही होतात.

गल्ल्यावर पैसे भरून चिठ्ठी घ्यायची, ती स्वयंपाकघराच्या खिडकीत द्यायची आणि नूडल्स किती जाड हव्यात ते सांगायचं. अगदी बारीक ‘माओशी’पासून दोन बोटं रुंद ‘दाक्वान’पर्यंत हवं ते मिळतं. आतला कारागीर मैद्याचा लांबट गोळा ओढतो, दुमडतो, पुन्हा ओढतो. दर खेपेला धागे दुप्पट होतात. आठव्या खेपेला २५६. पीठ न तुटता इतकं ताणलं जातं ते क्षारामुळे. पूर्वी तो माळरानावरच्या एका झुडपाच्या राखेतून मिळे, आता बहुतेक ठिकाणी तयार पूड वापरतात.

या पदार्थाचं श्रेय ह्वी मुस्लिम समाजातल्या मा बाओत्झ यांना दिलं जातं. काळ १९१५च्या सुमाराचा. म्हणूनच ही दुकानं हलाल. चांगल्या वाडग्याची खूण गिऱ्हाइकांना तोंडपाठ असते: रस्सा नितळ, मुळा पांढरा, मिरचीचं तेल लाल, कोथिंबीर आणि लसणाची पात हिरवीगार, नूडल्स पिवळसर.

आणि हे सगळं स्वस्तात. २००७ साली दुकानदारांनी भाव वाढवले, तेव्हा नगर प्रशासनाने साध्या दुकानांतल्या मोठ्या वाडग्याला २.५ युआनची कमाल मर्यादा घातली. त्यावर देशभर वाद झाला. आज भाव पुष्कळ वाढले असले, तरी रोज खाता येईल असंच हे जेवण आहे. काटकसर कुठे होते, तर मांसात. साध्या वाडग्यात त्याचे चार बारीक तुकडे. जास्त मांस आणि अंडं हवं तर वेगळे पैसे. हातांच्या कामात मात्र काटकसर नाही. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नूडल्स त्याच क्षणी ओढल्या जातात, आणि मला या दुकानांचा खरा मोठेपणा तिथेच दिसतो. २०२१मध्ये ही कला चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत गेली, ते योग्यच झालं.

चीनच्या इतर शहरांत लानचौच्या नावाने चालणारी बरीच दुकानं शेजारच्या छिंगहाई प्रांतातल्या लोकांची आहेत. तिथेही पोट भरतं. पण लानचौला गेलात तर सकाळीच जा, आणि तिखट तेल ढवळण्याआधी नितळ रश्शाचा एक घोट जरूर घ्या.