एक नांव, अनेक दारें

रेल्वे स्थानकावरील चौकशीची खिडकी सर्वांच्या परिचयाची आहे. कोणती गाडी कोणत्या फलाटावरून सुटेल एवढेंच ती सांगते. प्रवाशाला डब्यांत नेऊन बसविणें हें तिचें काम नव्हे. इंटरनेटवर हीच कामगिरी डीएनएस नांवाची व्यवस्था करते. पॉल मॉकापेट्रिस यांनीं १९८३ सालीं तिचा आराखडा मांडला. नांव विचारावें आणि तिनें अंकांत लिहिलेला पत्ता द्यावा, इतकाच तो व्यवहार.

परंतु मोठ्या सेवेचे संगणक आज एकाच गांवीं नसतात. पुष्कळदां ते स्वतःचेही नसतात. दुसऱ्याच्या इमारतींतले, भाड्यानें घेतलेले असतात. यालाच क्लाउड म्हणतात. नांवांत ढग असला तरी यंत्रें जमिनीवरच आहेत. मायक्रोसॉफ्टनें २०१५ सालीं भारतांत जीं केंद्रें उघडलीं त्यांतील एक पुण्यास आहे. आतां एखाद्या तिकीटविक्रीच्या सेवेचें एक दार पुण्यास आणि दुसरें सिंगापुरास असलें, तर गिऱ्हाइकाला कोणतें दाखवावयाचें? मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेंत हें ठरविणाऱ्या कारकुनाचें नांव ट्रॅफिक मॅनेजर, आणि त्याच्या वहींतील प्रत्येक दार म्हणजे एंडपॉइंट.

या कारकुनास नियम घालून द्यावे लागतात. पुण्याचें दार उघडें असेतों सर्वांना तेथेंच पाठवावें, हा अग्रक्रमाचा नियम. पुण्यास ९० आणि सिंगापुरास १० असें वजन देऊन गर्दी वांटावी, हा दुसरा. दार उघडें आहे कीं नाहीं हें तो साधारणपणें दर तीस सेकंदांनीं ठोठावून पाहतो. तीन वेळां उत्तर न आलें तरी तो सोसतो. चौथ्यांदां मात्र तें दार वहींतून तात्पुरतें वगळतो. शिवाय एकदां दिलेलें उत्तर विचारणाऱ्याकडे कांहीं काळ, समजा साठ सेकंद, जपून ठेविलेलें असतें. म्हणजे दार बंद पडल्यापासून सर्व गिऱ्हाइकें दुसरीकडे वळेपर्यंत कांहीं मिनिटें जावयाचींच. तिकीटविक्रीच्या पहिल्या सकाळीं हीं मिनिटें फार मोठीं वाटतात.

हे सर्व नियम पडद्यावरील चौकटींत हातानें भरतां येतात, आणि सेवा एकच असेल तर त्यांत वावगें कांहीं नाहीं. सेवा वीस झाल्या म्हणजे एका चौकटींत ३० च्या जागीं ३०० पडतात आणि तें कोणाच्या लक्षांतही येत नाहीं. म्हणून व्यवस्था लिहून ठेवण्याची रीत आली. बायसेप किंवा टेराफॉर्म यांसारख्या भाषेंत एक साचा लिहावयाचा. तो छापील अर्जासारखा असतो. ठोठावण्याची पद्धत, सहनशीलतेची मर्यादा हा मजकूर छापील. सेवेचें नांव, दारांची यादी, वजनें ह्या मोकळ्या जागा. यादींत एक ओळ वाढविली कीं एक दार वाढतें. अशा साच्यास मॉड्यूल म्हणतात, आणि वीस सेवांना तो एकच पुरतो.

खरें कौशल्य येथेंच आहे. सगळेंच छापून टाकलें तर अर्ज एकाच माणसाच्या उपयोगाचा. सगळेंच मोकळें ठेविलें तर तो अर्ज न राहतां कोरा कागद होतो. अननुभवी माणसाचा कल दुसऱ्या चुकीकडे अधिक असतो. उदार वाटतो खरा, पण निर्णय मात्र प्रत्येक वापरणाऱ्यावर ढकलतो.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. रात्रीं पुण्याचें दार बंद पडलें आणि जागरण करणाऱ्या कोणी पडद्यावर हातानें चेन्नईचें दार जोडलें, असें समजा. काम भागलें, साच्यांत मात्र त्याची नोंद झाली नाहीं. दारांची यादी मुख्य नोंदीच्या पोटांतच लिहिलेली असेल, तर पुढच्या आठवड्यांत साचा पुन्हां चालविला कीं चेन्नईचें दार मुकाट्यानें नाहींसें होतें. यंत्रानें चूक केली नाहीं. लिहिलें होतें तेंच केलें. यासाठींच बायसेप वापरणाऱ्यांना ‘व्हॉट-इफ’ची सोय दिली आहे. साचा चालविण्यापूर्वीं काय वाढेल, काय बदलेल, काय गळेल, याची यादी ती दाखविते. ती न वाचतां पुढें जाणें म्हणजे कागद न वाचतां सही करणें होय.

पत्त्यांच्या वहीची देखरेख यंत्राकडे सोंपविल्यावर काय घडूं शकतें, हें २० ऑक्टोबर २०२५ रोजीं जगानें पाहिलें. अमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियांतील केंद्रांत डायनॅमोडीबी या सेवेचे पत्ते लिहिणारे स्वयंचलित कारकून एकाहून अधिक होते. त्यांतील एक मागें पडला आणि त्यानें जुनी योजना नव्या योजनेवर लिहिली. त्याच सुमारास दुसऱ्यानें जुन्या योजना झाडून टाकल्या. त्यांत हीही गेली. वहींत नांव राहिलें, पुढें पत्ता एकही नाहीं! त्या सेवेवर विसंबलेल्या असंख्य सेवा अडखळल्या. स्वयंचलित यंत्रणेला ती नोंद सुधारतां येईना. शेवटीं माणसांनीं हातानें पत्ते पुन्हां भरले. त्यानंतरही जुनें कोरें उत्तर ज्यांच्याकडे जपलेलें होतें, त्यांना त्याची मुदत संपेपर्यंत थांबावें लागलें.